बांधावरचा आंबा आणि माझे अश्रू

मिठबावच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे मोहोरावर तुडतुड्याचं औषध मारताना मास्क लावा, असं बायकोने, विमलाने, सांगितलं तेव्हा मी हसलो. मास्तरला विज्ञान शिकवणं म्हणजे बांगड्याने देवमाशाला पोहायला शिकवणं! पंप पाठीवर घेतला आणि वाऱ्याकडे तोंड करून तासभर फवारलं. निम्मं झाडांवर, निम्मं माझ्यावर.

शेवटचं झाड बांधावरचं. त्याच्यापायी शेजारचा गणपत आणि मी आठ वर्षं बोलत नव्हतो. तिथे पोचलो आणि डोळ्यांना धारा लागल्या. नाक वाहू लागलं, लाळ गळू लागली, छाती आवळून आत शिट्टी वाजायला लागली. झाडाला मिठी मारून मी खाली बसलो.

नेमका गणपत पलीकडून आला. मास्तर आंब्याला धरून हुंदके देतायत हे पाहून तो विरघळला.

"मास्तर, रडा नको. आंबो तुमचोच. माझा काय्येक म्हणणा नाय."

खरं सांगायला तोंड उघडलं तर नुसती शिट्टी आली. तेव्हा मात्र तो घाबरला. विमलाला हाक मारून त्याने आपली रिक्षा काढली. विमलाने शहाणपणा केला, औषधाची बाटली सोबत घेतली.

दवाखान्यात डॉक्टर आरोही, माझीच विद्यार्थिनी. तिने बाटली वाचली, माझ्या डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या पाहिल्या, ऑक्सिजन लावून ॲट्रोपिन टोचलं आणि अंगावरचं औषध धुवायला सांगितलं. आठ वर्षांच्या वैऱ्याने हातमोजे घालून मला साबण लावला! मग तो सुके कपडे आणायला घरी गेला.

तो गेल्यावर आरोही विमलाला समजावू लागली. "काकी, श्वासनळीच्या स्नायूला आवळायचा निरोप नस एका रसायनातून देते, असिटिलकोलीन. काम झालं की एक एन्झाइम ते लगेच तोडतं आणि स्नायू सैल होतो. फवारणीने ते एन्झाइमच जखडलं. निरोप पुसणारं कोणी नाही, म्हणून नळी आवळतच गेली. डोळ्यांचं पाणीसुद्धा त्यातलंच. ॲट्रोपिन तो निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही, आणि आता देतेय ते दुसरं इंजेक्शन एन्झाइमला सोडवतं." मग हळूच म्हणाली, "हे सरांनीच शिकवलंय."

विमलाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

दुसऱ्या सकाळी शिट्टीशिवाय अख्खा श्वास आत गेला आणि मला गड जिंकल्यासारखं वाटलं. गणपत खाटेशी बसून सगळ्या वॉर्डाला मास्तरांचं काळीज किती हळवं ते सांगत होता. त्याला खरं सांगणार होतो, पण ॲट्रोपिनने तोंडाचा सुका बोंबील झालेला, जीभ उचलेना.

आता तीन महिने झाले. त्या झाडाची पहिली पेटी मी स्वतः गणपतच्या घरी पोचवली. रोज बांधावर गप्पा होतात. अश्रूंचं तेवढं सांगायचं राहूनच जातंय.