कुरणावरील खताची स्वारी

रानफुलांचे कुरण कैसे वाचले ऐसे सवाल चौफेर होऊ लागले, सबब जे जाहले ते यथास्थित लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर निदान खत नव्हे.

राजश्री पोस्टमास्तर, सेवानिवृत्त, यांणी चाळीस नासपतींची बाग बिनऔषधाची मांडिली, आणि मोहरावर मधमाश्यांची कुमक यावी म्हणोन शेजारी रानफुलांचे कुरण मुक्रर केले. रानफुलांस रोड जमीन मानवते. माती माजली की गवत माजते आणि फुलांची गर्दन मारते. सबब मास्तरांनी तीन साले गवत कापून बाहेर काढिले आणि मातीस उपाशी ठेविले, मग चौथे साली फुलांचे कोंब दिसों लागले.

ऐशात मास्तर दाढ काढावयास शहरी गेले. मागे वडील भगिनी आक्कासाहेब, ज्यांणी आईमागे मास्तरांस लहानाचे मोठे केले, त्यांची खासा स्वारी दाखल जाहली, आणि भावाच्या जमिनीची रया गेलेली पाहून त्यांचे काळीज तुटले, मग ट्रॉलीभर शेणखत मागवून त्यांणी तमाम कुरणावर जातीने पसरविले. मास्तर सुजल्या गालाने परतले तो हा प्रकार. त्यांणी 'छान' म्हटले.

पाऊस पडता खत मातीत उतरणार आणि तीन सालांची मेहनत बुडणार. बोलावे तर आक्कासाहेब दुखावणार. इकडे आड, तिकडे विहीर. मग मास्तरांनी पत्नीशी मसलत करून आक्कासाहेबांची दुपारची झोप साधिली, आणि उभयतां घमेल्यांनी खत उचलून झाडांचे आळ्यांत नेऊ लागली. सतरावे घमेल्यास आक्कासाहेब दारात उभ्या. मास्तरांनी घमेले खाली ठेविले आणि सर्व कबूल केले.

आक्कासाहेबांनी आधी घमेले पाहिले, मग भाऊ पाहिला. मग म्हणाल्या, "लहानपणीसुद्धा नको असलेली भाजी ताटाखाली लपवायचास. अरे, तोंड आहे ना तुला?" आणि पदर खोचून त्यांणी आपणासाठी आणखी एक घमेले उचलिले.

सांजेस पाऊस आला तो कुरण मोकळे जाहले होते. पुढे फुले उठली, मधमाश्यांची फौज उतरली आणि नासपतींनी फळ धरिले. त्याच सुमारास शेजारचे एक गृहस्थ प्रेमाने खताची गाडी घेऊन फाटकाशी आले, तो आक्कासाहेबांनी आडवे होऊन फर्माविले, "आमच्या फुलांना हे चालत नाही. तीन वर्षं खपलोय आम्ही."

मास्तर मागेच उभे होते. त्यांणी हिशेब दुरुस्त केला नाही. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.