तात्यांची दोन वयं

आमच्या शेजारच्या तात्यांना वय विचारलं की ते उलट विचारतात, "कागदावरचं का खरं?" कागदावर ते चौऱ्याऐंशीचे. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून ही तारीख आपल्या मर्जीने टाकली आणि आपली चार वर्षं खाल्ली, असं त्यांचं ठाम मत. म्हणजे खरे अठ्ठ्याऐंशी.

सिडकोतल्या आमच्या कॉलनीत कुणाची पंच्याहत्तरी असली की तात्या केक खाऊन म्हणणार, "अजून पोरगा हाय." ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांना त्यांनी भर सभेत "बस बाळ" म्हटलं, तेव्हापासून ते गृहस्थ आमच्या गल्लीत येत नाहीत. मी साठी ओलांडलीय, पण मलाही ते "तुला काय कळतंय" याशिवाय हाक मारत नाहीत. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर गेली. आवाज अजून दोन शेतं पलीकडे पोचतो.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी तात्यांच्या छातीत कळ आली. मी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅकच होता. तरुण डॉक्टरांनी वय विचारलं. मी इमानदारीत सांगितलं, "अठ्ठ्याऐंशी."

तात्या स्ट्रेचरवर उठून बसले. "खोटं बोलतोय हा. चौऱ्याऐंशी. आधार कार्ड बघा."

ज्या चार वर्षांसाठी त्यांनी अर्धी कॉलनी दुखावली, ती एका दमात सोडून दिली होती.

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, नुसत्या गोळ्यांवरही ठेवता येईल. अँजिओग्राफी करून स्टेंट टाकला तर पुन्हा अटॅक यायची भीती कमी होते. आयुष्य वाढेलच असं मी सांगत नाही. आणि या वयात रक्तस्रावाचा, किडनीचा धोका असतो."

पुण्याहून तात्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबांना आता कशाला त्रास? गोळ्याच द्या."

"त्याला म्हणावं, छाती माझी हाय," तात्या ओरडले. पलीकडच्या तीन खाटांवरचे पेशंट जागे झाले.

"जिना चढता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन मजले. ह्याच्या आधी पोचतो." दुर्दैवाने हे खरं होतं. किडनीचा रिपोर्टही बरा आला आणि तात्यांनी सही ठोकली.

आत न्यायच्या आधी त्यांनी मला जवळ ओढलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या बायकोला, माईंना, दोन वर्षांपासून विसर पडतो एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

"रोज सहाला विचारती, आमचे हे कधी यायचे. मी समोरच बसलेला असतो. मग मागच्या दारानं जातो, पुढं येऊन बेल वाजवतो. मग वळखती. चहा ठेवती. घडीभर बरं जातं. मला दुसरा झटका आला तर ती वाट बघत बसंल रे."

स्टेंट नीट बसला. ते तीन दिवस माझी बायको माईंपाशी राहिली. पहिल्या दिवशी सहाला मीच बेल वाजवून पाहिली. माई म्हणाल्या, "हे घरात नाय. उद्या या." पुन्हा बेल वाजवायचा धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी तात्यांना घरी आणलं तेव्हा सहा वाजत आले होते. दाराशी त्यांनी माझा हात झटकला, स्टेंटसाठी टोचलेल्या मनगटाची पट्टी बाहीत लपवली आणि बेल दाबली.

माईंनी दार उघडलं. बराच वेळ बघत राहिल्या. "आले का? लय उशीर केला. मला भ्या वाटत व्हतं."

"कामात अडकलो व्हतो," तात्या म्हणाले. मग चपला काढायला खाली वाकले आणि डोळे पुसून होईपर्यंत वर झालेच नाहीत.