राऊतकाकांची वाकडी गाडी

आमच्या बोरसीतले राऊतकाका चहासुद्धा थर्मामीटर बुडवून पितात. पाहुण्याच्या कपातही तोच बुडवतात. वर, "गरम म्हंजे किती गरम? नंबर सांगा ना जी!" हे पालुपद आहेच. सगळी नोकरी स्टील प्लांटात, रोलिंग मिलमध्ये गेली. रिटायर झाल्यावर आता ते खेळण्यातल्या मोटारी सरळ करतात.

'खेळण्यातल्या' म्हटलेलं त्यांना खपत नाही. सुटे भाग जोडून बनवलेल्या त्या वीतभर प्लास्टिकच्या मोटारी. हौशी लोक त्या वर्षानुवर्षं जपतात, आणि माळ्यावरच्या उन्हाळ्यानं त्यांच्या बॉड्या वाकतात. रायपूर-नागपूरहून अशा बॉड्या कुरियरनं काकांकडे येतात. काका त्या गरम पाण्यात बुडवून लाकडी ठोकळ्यावर चढवतात, रबरबँड लावतात आणि गार पाण्यात सोडतात.

"गरम झालं का प्लास्टिक आपलं वाकडेपण विसरते," काका समजावतात. पाणी कमी तापलं तर बॉडी तडकते, जास्त तापलं तर तिचा पापड होतो. "स्टील माफ करते. हे नाही करत."

बघणाऱ्यानं मध्ये हात घालायचा नाही. "अंगठा नको!" असे काही ओरडतात, की एकदा दारातल्या कुरियरवाल्याच्या हातून मोबाईल पडला.

त्यांची स्वतःची एक लाल मोटार मात्र शोकेसमध्ये वाकडीच पडून होती. छताची पार पन्हळ झालेली. "काका, डॉक्टरच्या घरीच पेशंट?" असं मी चिडवायचो. त्यावर काका शोकेसची काच पुसायला लागायचे.

परवा सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "या बरं इकडे. थर्मामीटर धरा. माह्या डोळ्याले आज भरोसा नाही."

लाल मोटारीच्या खिडकीपाशी बारीक चीर गेली होती. वाकलेपणाचा ताण आज काढला नाही, तर या उन्हाळ्यात तिचे दोन तुकडे होणार. तशी मोटार आता कुठे मिळत नाही.

गॅसवर पातेलं चढलं. मी आकडे सांगू लागलो. काका प्रत्येक आकडा पुन्हा विचारून घेत होते.

"सत्तर!"

"गॅस बंद करा!"

बॉडी पाण्यात गेली. छत हळूच सैल पडलं. चीर वाढतेय की पाणी हलतंय, काही कळेना. काकांनी बॉडी बाहेर काढली, ठोकळ्यावर चढवली. मागचा एक कोपरा वरच राहिला. गार व्हायच्या आत तो बसायला हवा होता, म्हणून मी हात पुढे केला.

"अंगठा नको जी!"

काका इतके कळवळून म्हणाले, की माझा हात हवेतच राहिला. कोपरा त्यांनीच, कडेकडेनं दाबत बसवला आणि रबरबँड लावून बॉडी गार पाण्यात सोडली.

बाहेर आली ती सरळ. चीर होती तेवढीच. मी टाळी वाजवली. काका नेहमीसारखी ती सपाट काचेवर ठेवून तपासतील असं वाटलं, पण ते थेट खिडकीशी गेले आणि तोच कोपरा उजेडात धरला. तिथे प्लास्टिकात अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, लहानसा, रेघांसकट.

"तुमच्या काकूचा," ते म्हणाले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. "नवीन लग्न झालं होतं. दोघं मिळून ही गाडी जोडून राहिलो होतो. ओल्या गोंदानं प्लास्टिक नरम झालं होतं, तिनं त्यावरच अंगठा टेकवला. गाडी खराब केली म्हणून मी लय बोललो तिले. रात्री जेवली नाही ती."

"मग इतके दिवस सरळ का नाही केलीत?"

काकांनी ठशावरचं पाणी फुंकरीनं उडवलं.

"गरम झालं का प्लास्टिक विसरते ना जी. मले भेव वाटे, हे पण विसरन."