पाठफेकदार लुमाजीची निवड आणि पंतांचे आसन

श्री. हिम पाडणारा आणि हिम वितळविणारा जो एक, तोच या लेखाचा सांभाळ करो. अक्षर ओबडधोबड आहे, वाचणाराने गोड मानून घ्यावे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी कॅनडा मुलुखी, जेथे वैशाखातही भिंतींच्या आडोशास बर्फाचे ढीग राहतात, नऊ संस्थाने चेंडूच्या लढाईत गुंतली होती, आणि त्यांतील एक, ज्याचे नाव येथे लिहिणे उचित नाही, त्याची ही हकीकत असे. त्या लढाईस लोक फुटबॉल म्हणती, परंतु पायाचे काम थोडे आणि हाताचे व छातीचे फार. बारा गडी इकडे आणि बारा तिकडे, मैदान एकशे दहा गजांचे, आणि परदेशचे गडी कितीही आणिले तरी सात स्वदेशी मैदानात उभे पाहिजेत, ऐसा कायदा. मग स्वदेशी गडी मिळावे कैसे? तर दर साल वैशाखात नऊही संस्थानांचे दिवाण एकत्र बसती, आणि पाठशाळांतून शिकून निघालेल्या जवानांतून पाळीपाळीने एकेक नाव पुकारिती, प्रत्येकाच्या पाळ्या आठ. जो गेल्या साली सर्वांत अधिक हरला, त्याची पाळी पहिली. या विधीस ते ड्राफ्ट म्हणती, आम्ही निवड म्हणतो.

त्या साली पहिली पाळी आमची होती, यावरून काय ते समजावे. गेल्या अठरा लढायांत जय चार, आणि हारींपैकी पाच तर एका दोन गुणांनी गेल्या होत्या, आणि त्या पाचांचा ठपका सटवाजी ढमाले या ठोकरदारावर आला होता. ठोकरदार म्हणजे चेंडूस लाथ घालून दोन उंच खांबांमधून पार करणारा गडी. सटवाजीचे चेंडू कधी डावीकडून गेले, कधी उजवीकडून, आणि एक तर शत्रूकडील शिंग फुंकणाराच्या पाठीत जाऊन बसला. तेव्हां दरबारचे पारखी अंताजीपंत वर्तक यांनी त्याचे नावापुढे लिहिले की, "कनिष्ठ. पाय भरवशाचा नाही." ते चौकात वाचले गेले, आणि सटवाजीस त्याच आठवड्यात निरोप मिळाला, आणि तो बायकोमुले घेऊन नदीपलीकडे लाकडाच्या वखारीत कामास लागला.

येथे पारख्याचे आसन म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. गडी आणणे हे दिवाणाचे काम, आणि दिवाणाने आणिलेले गडी खरे की खोटे हे सांगणे पारख्याचे. निवड झाली की तिसरे दिवशी दोन प्रहरी पारख्याने प्रत्येक नावापुढे उत्तम, मध्यम की कनिष्ठ ते लिहावे, आणि भर चौकात वाचावे. त्या जवानांनी अद्याप एकही लढाई मारिलेली नसते, तरी गुण द्यावेच लागतात, कारण लोकांस दम निघत नाही. न्हाव्यापासून वैद्यापर्यंत, ज्याने जन्मात चेंडू हाती धरिला नाही तोही त्या तीन दिवसांत पारखी होतो. म्हणून दरबाराने नियम केला होता की पारख्याचा शब्द तो शब्द, आणि त्याने आपली पारख आपणच फिरविली तर त्याच दिवशी आसन सोडावे. अंताजीपंत त्या आसनावर एकवीस वर्षे बसले होते आणि शब्द एकदाही फिरविला नव्हता. आम्ही त्यांचे कचेरीत थोरले कारकून होतो.

मग निवडीचा दिवस उगवला, आणि दिवाण हैबतराव भोइटे यांनी पहिले नाव पुकारिले ते एका धिप्पाड ढालाइताचे, म्हणजे शत्रूस छातीने अडविणाराचे, जो दारातून आडवा होऊनच आत येई, आणि लोक संतोष पावले. मग दुसरी पाळी आली. तेव्हां सारा मुलूख डोळे लावून बसला होता की आता एखादा वाऱ्यासारखा धावणारा येईल, आणि दिवाणांनी शांतपणे पुकारिले, "लुमाजी टेकवडे, पाठफेकदार." आता पाठफेकदार म्हणजे कोण? तर जो शत्रूकडे तोंड करून वाकतो, आणि चेंडू आपल्या दोन्ही पायांमधून मागे फेकतो, मग मागे गुडघा टेकून बसलेला गडी तो झेलून जमिनीवर उभा धरितो, आणि ठोकरदार लाथ घालितो. एवढेच त्याचे काम. ऐसा गडी सातव्या आठव्या पाळीस, उरलेसुरले घ्यावे तसा घेतात. बाकीच्या आठ दिवाणांपैकी दोघे हसले, आणि एकास पाणी पिता पिता ठसका लागला.

सरकारस्वारी संतप्त जाहली. हैबतरावांस बोलावून म्हणाले, "दिवाणजी, दुसऱ्या पाळीस आपण वाकणारा माणूस आणिला. लोक आम्हांस काय म्हणतील?" दिवाण बोलिले, "सरकार, हंगाम होऊ द्यावा." सरकार बोलिले, "हंगामापर्यंत आम्हांस तोंड दाखवावयाचे आहे. पंतांनी ही निवड कनिष्ठ ठरविली तर शिक्के खाली ठेवून घरी जावे." हे वर्तमान घटकाभरात साऱ्या शहरास कळले, आणि ज्याला त्याला ठाऊक होते की पंत कनिष्ठच लिहिणार, कारण पंतांनी एकवीस वर्षांत एकाही पाठफेकदारास मध्यमापर्यंतही चढविले नव्हते.

दुसरे दिवशी सकाळी हैबतराव स्वतः पायीं कचेरीत आले. पंत पानाला चुना लावीत बसले होते. दिवाण म्हणाले, "पंत, दया मागायला नाही आलो. एक चित्र पाहा एवढंच सांगायला आलोय." त्या मुलुखी प्रत्येक लढाईची चलच्चित्रे घेऊन ठेवितात, आणि पारखी ती पाहूनच पारख करितो. पंत म्हणाले, "सटवाजीच्या साऱ्या ठोकरा मी पाहिल्या आहेत. तीन तीनदा." दिवाण म्हणाले, "तुम्ही लाथ पाहिलीत. लाथेच्या आधीचं पाहिलंत का?" पंतांनी आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही दौतीकडे पाहिले.

कारण सांगतो. ती चित्रे लढाईगणिक तीन तीन तासांची, आणि पंत उतावळे, "मुद्द्याचं तेवढं दाखव रे, बाकीचं राहू दे," ऐसे नित्य म्हणत. म्हणून आम्ही प्रत्येक ठोकरीचे चित्र कातरून लहान करीत होतो, आणि ठोकरदाराचा पाय उचलतो तेथून ते सुरू करीत होतो. ठोकरदाराची पारख करावयाची तर पाय पाहावा, त्यापूर्वीचे काय कामाचे, ऐसे आम्हांस वाटले होते, आणि हे आम्ही पंतांस कधी सांगितले नव्हते. कचेरीत येणारे सारे चित्र म्हणजे एवढेच, ऐसे पंत समजून होते.

दिवाणांनी आपल्या घरून न कातरलेली चित्रे आणिली होती. ती लाविली. पहिल्या चित्रात पाठफेकदार वाकला, आणि चेंडू मागच्या गड्याच्या डोक्यावरून गेला, त्याने उडी मारून तो ओढून आणिला, आणि तो जमिनीवर तिरपा टेकेपर्यंत शत्रूचे चार गडी सटवाजीच्या अंगावर येऊन पोहोचले, आणि मग सटवाजीने लाथ घातली. दुसऱ्यात चेंडू घोट्याशी आला. तिसऱ्यात बर्फात आपटला. एकूण अकरा चुका, आणि अकरांपैकी नऊ वेळा चेंडू मागे येतानाच वाट चुकला होता. पंतांचे पान हातात तसेच राहिले आणि चुना बोटावर वाळला. आम्ही भिंत धरून उभे होतो. वाटले की आता पंत विचारतील, आताच विचारतील. परंतु त्यांनी एवढेच म्हटले, "तो टेकवडे कुठं आहे?"

लुमाजी सरकारांच्या मुजऱ्यास शहरात आलाच होता. त्यास कचेरीमागच्या अंगणात आणिले. ठेंगणा, मानेचा जाड आणि डोळे जमिनीवर. पंत स्वतः पंधरा पावले मागे जाऊन गुडघ्यावर बसले, बासष्टाव्या वर्षी, आणि म्हणाले, "फेक." लुमाजी म्हणाला, "पंत, लागेल तुम्हांला." पंत म्हणाले, "मला लागायचं ते लागलंय. तू फेक." मग त्याने वाकून फेकिले, आणि चेंडू पंतांच्या दोन तळव्यांत येऊन थांबला. मग पुन्हा फेकिले, आणि पुन्हा, आणि चाळीस वेळा फेकिले, आणि पंतांस हात एकदाही इकडचे तिकडे हलवावे लागले नाहीत. पंतांनी विचारिले, "आणखी काय येतं तुला?" लुमाजी अगदी शरमून म्हणाला, "काही नाही जी. एवढंच येतं."

त्या रोजाचा बाकीचा दिवस आम्हांस कसा गेला ते आम्हांस ठाऊक. दुसरी निवड कनिष्ठ लिहावी तर दिवाण जातो आणि लिहिणे खोटे होते. मध्यम लिहावी तर तेही खोटे. उत्तम लिहावी तर कारण सांगावे लागते, आणि कारण सांगावे तर सटवाजीची पारख फिरते, आणि पारख फिरली की पंतांचे आसन जाते. मधली वाट एक होती. कारकुनाने चित्र कातरिले, पंतांस अर्धेच दिसले, ऐसे कोणी पुढे होऊन सांगितले तर चूक कचेरीची ठरती आणि पंत वाचते. ते कोणी म्हणजे आम्ही. आम्ही अठ्ठेचाळीस वर्षांचे होतो, घरी मुलीचे लग्न ठरले होते, आणि या नोकरीवाचून दुसरे काही येत नव्हते. आम्ही मनात म्हटले की पंत विचारतील तेव्हां सांगू. दिवसभर त्यांनी विचारिले नाही.

तिसरे दिवशी दोन प्रहरी चौक भरून गेला. सरकार गादीवर, दिवाण बाजूस उभे, आठही जवान रांगेत आणि लुमाजी शेवटी. पंतांनी कागद उघडून वाचिले, "पहिली निवड, उत्तम." लोकांनी टाळ्या पिटिल्या. "दुसरी निवड, लुमाजी टेकवडे, उत्तम." तेव्हां चौकात ऐसा गलबला उठिला की चोपदारास दंड आपटावा लागला. सरकार बोलिले, "पंत, कारण?" पंत बोलिले, "गेल्या साली सटवाजी ढमाल्याचा पाय खरा होता. चेंडू त्याच्यापाशी नीट पोहोचत नव्हता. मी अर्धे पाहिले आणि पुरते लिहिले. त्याची पारख मी फिरवितो." सरकारांनी विचारिले, "अर्धे का पाहिले?" येथे पंत थांबले. पुष्कळ थांबले. त्यांनी कागदावरून मान उचलली नाही, आणि आम्ही त्यांच्यामागे दोन हातांच्या अंतरावर शाईची दौत धरून उभे होतो, ते तसेच उभे राहिलो. मग पंत बोलिले, "सही माझी होती, सरकार." आणि बाकीची सहा नावे वाचून त्यांनी पागोटे सारखे केले, आणि आसनावरून खाली उतरले.

मग पुढे काय जाहले ते भराभर लिहितो. दिवाण राहिले. सटवाजीस वखारीतून परत बोलाविले, तेव्हां तो आला परंतु दरबारात कोणाशी फार बोलला नाही. आणि पारख्याचे आसन रिकामे झाले तर थोरल्या कारकुनाने बसावे ऐसा रिवाज, म्हणून आम्ही बसलो. लोकांनी पेढे वाटिले. आम्ही एकही खाल्ला नाही.

कार्तिकात शेवटची लढाई बर्फात जाहली. दोन्हीकडे गुण सारखे, वेळ संपत आली, आणि सटवाजी ठोकरीस उभा राहिला. लुमाजीने चेंडू असा मागे धाडिला की मागच्या गड्याने हात नुसते धरावे. सटवाजीने लाथ घातली, आणि चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. चुकला. आमच्या मांडीवर गुणांचा कागद होता आणि हातात लेखणी. परंतु त्या मुलुखी कायदा आहे की नेम चुकला तरी चेंडू शत्रूच्या शेवटच्या रेषेपार गेला तर एक गुण मिळावा, आणि तो गेला, आणि त्या एका गुणाने आम्ही जिंकलो. सारे मैदान नाचू लागले. सटवाजीस उत्तम लिहावे की कनिष्ठ, आम्हांस काही सुचेना. कागद तसाच ठेवून आम्ही लोकांत उतरलो आणि पंतांस शोधिले.

ते घोंगडी पांघरून साध्या बाकावर बसले होते. आम्ही जवळ जाऊन म्हटले, "पंत, चित्रं मी कातरली होती." पंत म्हणाले, "ठाऊक आहे. दिवाणांनी चित्र लावलं तेव्हांच कळलं. भिंत धरून उभा होतास." आम्ही म्हटले, "मग सभेत सांगितलं का नाहीत?" पंतांनी आमच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, राग असता तर बरे झाले असते. ते म्हणाले, "थांबलो होतो ना रे मी. किती वेळ थांबलो. वाटलं, तू बोलशील."

येणेप्रमाणे निवड आठांची, त्यांपैकी दुसरी खरी ठरली, जय एका गुणाचा, आणि एक माणूस आसनावरून उतरला तो भलताच उतरला. पुन्हा वैशाख आला, उद्या निवडीचा तिसरा दिवस आहे आणि नव्या आठ नावांपुढे आम्हांस गुण लिहावयाचे आहेत. चित्रे कातरली ती आम्हीच, हे आज या कागदावर प्रथम लिहिले. खाली नाव घालावे म्हणून लेखणी टेकविली होती, परंतु घातले नाही.