चारशे सतरा नंबरचं खाल्लेलं

आमच्या शेडमधली चारशे सतरा नंबरची कोंबडी जे खाते, ते माझ्या नवऱ्याच्या अंगी लागतं.

हे लक्षात आलं बाराव्या दिवशी. कंपनीने या खेपेला नव्या वाणाची पाचशे पिल्लं दिली होती, प्रत्येकाच्या पायात नंबराची कडी. सुपरवायझर पिसाळ साहेब आठवड्यातून दोनदा येऊन वजनं करत. बाकीची पिल्लं साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे गेली, पण चारशे सतरा आली तेव्हा होती तेवढीच राहिली, चाळीस ग्रॅम. खायला मात्र ती सगळ्यांच्या पुढे. खाद्याच्या भांड्यावरून हलायची नाही. त्याच बारा दिवसांत आमच्या ह्यांच्या शर्टाची बटणं लागेनाशी झाली.

आमचे हे, म्हणजे निवृत्ती आव्हाड, लग्नात एक्केचाळीस किलोचे होते आणि बावीस वर्षांनंतरही एक्केचाळीसच. जेवायला बसले की पाच भाकऱ्या, आणि अंगावर बघावं तर सदरा खुंटीला टांगल्यासारखा. खाद्याची गोणी शेडपर्यंत नेताना दोनदा टेकायचे. आता तीच गोणी एका दमात खांद्यावर घेऊ लागले, वर शीळही घालू लागले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पंधराव्या दिवशी चारशे सतराला सर्दी झाली. दोन दिवस तिने चोच उघडली नाही. त्या दोन दिवसांत हे पाच किलो उतरले आणि त्यांना खाटेवरून उठवेना. तिने पुन्हा दाणा टिपला तेव्हा हे उठून बसले. मी पिसाळ साहेबांना फोन लावला आणि तक्रार नोंदवली.

कंपनीच्या प्रयोगशाळेतून वैशंपायन मॅडम आल्या. कोंबडीच्या पंखाखालून एक थेंब रक्त घेतलं, ह्यांच्या बोटातून एक थेंब घेतलं, आणि आठवड्याने अहवाल घेऊन परत आल्या.

"कोंबडीच्या रक्तात काही खुणा असतात," त्या म्हणाल्या. "कोणती किती वाढेल आणि किती खाद्यात वाढेल, ते आधीच सांगता येतं. आम्ही त्यांना मार्कर म्हणतो. चारशे सतराचे मार्कर पाचशेंत सगळ्यात चांगले आहेत. फक्त पत्ता तुमच्या मिस्टरांचा आहे."

"मग इतकी वर्षं हे असे का होते?"

"त्यांच्या वाट्याचं खाणारं अजून जन्माला आलं नव्हतं."

ह्यांनी विचारलं, "मॅडम, मंग मी खातो ते कुठं जातं?"

"त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल," मॅडम म्हणाल्या. अर्जाला घरातल्या सर्वांचं रक्त जोडायचं होतं. घरात आम्ही दोघंच, म्हणून माझंही बोट टोचलं.

पिसाळ साहेबांनी तेवढ्यात आकडेमोड केली होती. दोन किलो खाद्यात तेरा किलो वजन आजवर कंपनीच्या कुठल्याच पक्ष्याने दिलं नव्हतं. त्यांनी ह्यांच्याकडे फार कौतुकाने पाहिलं.

"मॅडम, बेचाळिसाव्या दिवशी पक्षी न्यायला गाडी येईल तेव्हा मिस्टरांनाच भरलं तर?"

मॅडमनी विचार केला. "नाही बसणार. पिंजऱ्याचं माप ठरलेलं आहे."

"पण पक्षी कंपनीचा आहे."

"पक्षी कंपनीचाच. पाचशे ग्रॅम भरला तर गाडीत जाईल. कमी भरला तर नापास, तो शेतकऱ्याकडे राहील."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. चाळीस ग्रॅमची कोंबडी बेचाळीस दिवसांत काय पाचशे होणार! ती गेली तर हे गेले, एवढं मला कळत होतं. पण ती जाणार नव्हती.

सदतिसाव्या दिवशी माझ्या भावाकडे वास्तुशांत होती. मी एरवी घरात कशी जेवते ते सांगायला हवं. ह्यांचं झालं की चुलीपाशी उभ्या उभ्या चतकोर भाकरी, तीही शेडमधून हाक आली की तशीच टाकून. भावाकडे मात्र मला पाटावर बसवलं. वहिनीने तूप वाढलं, भावाने आग्रह केला, मामींनी माझ्या गळ्याची शपथ आहे म्हणत चौथी पुरणपोळी ताटात टाकली. मी जेवले. बावीस वर्षांत तशी जेवले नव्हते.

संध्याकाळी घरी आले तर हे काटा घेऊन शेडच्या दारात उभे. "चारशे सतरा चारशे नव्वद भरली गं!"

दुसऱ्या दिवशी अर्जाचं उत्तर आलं. निवृत्ती आव्हाड यांनी खाल्लेले: पत्ता, पत्नी. पत्नीने खाल्लेले: पत्ता, पक्षी क्रमांक ४१७. खाली मॅडमची सही आणि शिक्का.

मी ते तीनदा वाचलं. मी अंगाने लग्न झाल्यापासून भरलेली. सासूबाई जाईपर्यंत म्हणत, ही चोरून खाते म्हणून माझा पोरगा असा वाळला. मी कधी उलटून बोलले नाही, पण ते शब्द मनातून गेले नव्हते. आणि इथे हा माणूस बावीस वर्षं पाच-पाच भाकऱ्या खाऊन माझं अंग सांभाळत होता, त्याचा त्यालाही पत्ता नव्हता. मला रडू आलं. ह्यांना वाटलं, कोंबडीच्या काळजीने रडते.

"रडू नको. तू चार दिवस कायबी खाऊ नको," हे म्हणाले. "तुझ्या वाटचं मी खातो."

आणि खाल्लं त्यांनी. सकाळी सहा भाकऱ्या, दुपारी सात, घाम पुसत, पाणी पीत, एकही घास मागे न ठेवता. माझ्या अंगात ताकद भरपूर, पोटात मात्र आग. चारशे सतराचं वजन दर दोन तासांनी व्हायचं. एकदा मी आमटीत मीठ किती म्हणून बोट चाटलं, तर ती एका ग्रॅमने वाढली. तेव्हापासून चव हेच बघू लागले.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी गाडी आली. पिंजरे भरले. शेवटी एकटी चारशे सतरा उरली. वैशंपायन मॅडमना ती प्रयोगशाळेसाठी हवीच होती, हे पिसाळ साहेबांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी तिला काट्यावर ठेवलं आणि खिशातून पेढ्यांचा पुडा काढला.

"वहिनी, आमची मुलगी पास झाली. देवापुढे ठेवून आणलेत. नाही म्हणू नका."

देवापुढचा पेढा नाही कसा म्हणायचा? पोरीचं यश होतं. पिसाळ साहेब पेढा माझ्या हातावर ठेवत होते, पण बघत होते काट्याकडे; अर्जाचं उत्तर त्यांनीही वाचलं होतं. हे गोणीवर बसले होते, ते उभे राहिले.

मी पेढा तोंडात घातला आणि गालात धरला.

"गोड आहे ना?"

मी मान हलवली. काट्यावर चारशे एक्क्याण्णव. साहेब वाट बघत उभे. पेढा विरघळायला लागला. मी जीभ वर लावून श्वास धरला. मुलीला किती टक्के, पुढे काय शिकणार, सगळं त्यांनी सांगितलं आणि मी नुसती माना हलवत राहिले. आकडा हलला नाही. शेवटी ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि पावतीवर लिहिलं, क्रमांक ४१७, नापास.

गाडी वळणाआड जाईपर्यंत मी थांबले. मग गिळला. काट्यावर पाचशे आठ.

"पोरगी हुशार हाय त्यांची," हे म्हणाले.

मग ह्यांनी पाट मांडला. एक नव्हे, दोन, आणि मध्ये कोंबडीसाठी वाटी. मला आधी बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी भाकरी थापली, ती जरा जाडच झाली होती.

"जेव पोटभर," हे म्हणाले. "आता कुणीबी वजन कराया येनार न्हाई."

चारशे सतरा आता साडेतीन किलोची आहे. ती जेवते म्हणून हे धडधाकट, हे जेवतात म्हणून मी. मी जेवले की ती वाढते, म्हणून मला रोज आग्रह होतो. मी दोन भाकऱ्या खाते, आणि तिसरीसाठी हात पुढे करते.