गुडघेमामाचा तजुर्बा

आमच्या शेजारचे गणपतमामा सुतार कुणाचं तोंड बघत नसत. गुडघे बघत. समोरून माणूस आला की त्यांची नजर आधी धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या मध्यावर जायची, आणि मग रामराम. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूला म्हणालेही होते, शेजारचा म्हातारा चांगल्या नजरेचा दिसत नाही. सासू म्हणाली, "नजर चांगली हाय. जागा चुकली हाय."

आमची ओळख झाली ती अशी. मी ओढ्यावरून घागर घेऊन येत होते. मामा दारात लाकूड तासत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, उजवा वाजून राहिला."

मी म्हटलं, "काय उजवा?"

"गुडघा. आज न्हाई, चाळीस वर्सानं दुखंल. याद ठेव."

नव्या सुनेला कुणी अष्टपुत्रा म्हणतं, कुणी अखंड सौभाग्यवती म्हणतं. मला हा आशीर्वाद मिळाला. आता उजवाच दुखतो. फक्त चाळीस वर्षं थांबला नाही, तिसातच धरला. तेवढं मामांचं चुकलं.

मामा बैलगाडीची चाकं करत. गाडी वेशीत शिरली की घरात बसून सांगत, गाडी कुणाची आणि कोणत्या चाकाला वंगण नाही. तोच कान त्यांनी पुढे माणसांना लावला. लावला म्हणजे खरंच लावला. पारावर कुणी म्हातारा बसायला वाकला की हे लगेच त्याच्या गुडघ्याला कान चिकटवत. गुडघ्यांना त्यांनी नावं ठेवली होती. पाटलांच्या आईचा गुडघा म्हणजे 'जातं'. गुरवाचा 'अडकित्ता'. माझ्या सासूचे दोन्ही गुडघे 'भाऊबंद', कारण एक चालायला लागला की दुसरा आडवा यायचा.

मी वाशीमची. तिथल्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. वाशीम इंग्रजाच्या मुलखात, सासरचं गाव निजामाच्या, मधे कनेरगावचा नाका. गावात मराठी लिहिणारी बाई मी एकटीच होते, आणि मामांना अक्षरओळख नव्हती. एक दिवस त्यांनी हिंगोलीच्या बाजारातून वही आणून माझ्यापुढे टाकली.

"मी बोलतो, तू लिव. पदरचं घालू नको."

"कशाचं लिहायचं?"

"गुडघ्याचं. तजुर्बा करून राहिलो."

तजुर्बा म्हणजे प्रयोग, हा त्यांचा आवडता शब्द. कुणाच्या गाडीचं चाक महिनाभर पडून राहिलं, तरी उत्तर एकच. तजुर्बा चालू हाय.

त्यांच्या मते देवाने गुडघा म्हणजे एक बिजागरी केली होती आणि ती कशी बसवली ते बघायला हवं होतं. माणसाचा गुडघा उघडायला कुणी देईना. मग ते आठवडी बाजारातून खाटकाकडचे मेंढीचे गुडघे आणायला लागले. जानवं घालणारा सुतार हाडं घेऊन घरी येतो म्हणून गावात बोंब झाली. त्यांची बायको सरूआत्या दारातच घागर घेऊन उभी राहायची आणि अंगावर पाणी ओतल्याशिवाय त्यांना आत घ्यायची नाही. थंडीच्या दिवसांतसुद्धा. मामा कुडकुडत ठोकळ्यावर गुडघा ठेवून पटाशीने उघडत आणि मला सांगत, "लिव. ही बिजागरी न्हाई. बिजागरी एका जागी फिरती. हे हाड गडगडतं बी अन् घसरतं बी. देवानं एक खिळा मारला न्हाई. नुसत्या दोऱ्या बांधून धकवलंय."

शेवटचं वाक्य त्यांनी फार नाराजीने सांगितलं. देव आपल्या धंद्यातला आहे आणि काम कच्चं करतो, असं त्यांना वाटलं असावं.

मग आला वंगणाचा तजुर्बा. चाक वाजलं तर एरंडेल आणि काजळीचं वंगण घालतात, मग गुडघा वाजला तर काय करायचं? मामांनी गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्यांना ओट्यावर बसवून त्यांच्या गुडघ्यांना चाकाचं वंगण चोळलं आणि वरून ताग गुंडाळला. त्यात माझी सासूही होती. तीन दिवस सोडायचं नाही असं ठरलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांची लुगडी, अंथरुणं आणि एकीची गायसुद्धा काळी झाली. त्या लंगडत मामांच्या दारात आल्या. सासूने काळा गुडघा उघडा करून विचारलं, "गणपत, हा रंग कधी जाईल?"

"रंग ऱ्हाऊ द्या, काकू. वाजतो का?"

"वाजतो."

मामा माझ्याकडे वळले. "लिव. वरून घातलेलं आत जात न्हाई. तजुर्बा चुकला."

"चुकला हेही लिहू?"

"तेच तर कळलं ना."

अशा त्या वहीत सगळ्या गावाचे गुडघे आले. एका बाईचे सोडून. ती सरूआत्या. खरं तर गावात सगळ्यात वाईट गुडघे तिचेच होते. उभी राहिली तरी पाय पुरते सरळ होत नसत, बसायला गेली तरी पुरते मिटत नसत. पण ती कबूल करायची नाही. म्हणायची, "मला काय धाड भरली? माझ्या घरात मी सरासर फिरते. तुमच्याकडं आलं की उंबऱ्यातच पाय धरतो. तुमचं घर वंगाळ हाय, शांती करा." माझ्या सासूने खरंच उंबऱ्यावर लिंबू कापलं.

आणि सरूआत्या घरात फिरायची हेही खरंच होतं. मामांच्या घराला उंबरा असा उरलाच नव्हता. जमिनीपासून दोन बोटं. आमच्या कोंबड्या थेट त्यांच्या चुलीपर्यंत जायच्या, पावसाळ्यात पाणी आत शिरायचं. कुणी विचारलं की आत्या तोऱ्यात सांगायची, "लोक चाकासाठी आमचे उंबरे झिजवतात. तुमच्याकडं येतंय कोण?" तिचा बसायचा पाट मात्र दरसाल उंच होत होता. त्यावर बसली की ती कचेरीतल्या तहसीलदारासारखी दिसायची. सुताराच्या घरी काहीतरी विचित्र असायचंच, म्हणून आम्ही हसून सोडून द्यायचो. एकदा आत्या ओढ्यावर गेलेली असताना मामा उंबऱ्यावर रंधा मारताना दिसले. मी विचारलं, "हे काय, मामा?" म्हणाले, "तजुर्बा." मी म्हटलं, असेल.

माझी पहिली मुलगी, मी माहेरी जायच्या आतच, सासरी झाली तेव्हा आत्या आम्हाला न्हाणं शिकवायला आली. लेकरू न्हाऊ घालायचं तर बाईने खाली बसून पाय लांब पसरायचे आणि नडगीवर लेकरू पालथं घ्यायचं. सगळ्या गावात हीच रीत. आत्या कशीबशी खाली बसली, पण पाय काही सरळ होईनात. लेकरू मधल्या खळग्याकडे घसरायला लागलं. मी झटकन उचललं. मग आत्याला उठवायला आम्ही तिघी लागलो.

"तुझं पोरगंच वाकडं हाय," ती मला म्हणाली.

तिची लेक कौसा त्या वेळी पहिलटकरीण होती, बाळंतपणाला माहेरी येणार होती. नातवंडाला पहिलं न्हाणं आईच्या आईने घालायचं, हा आत्याचा हक्क. दारापर्यंत गेल्यावर ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "कौसाचं लेकरू आता दुसरी बाई न्हाणील का ग?"

मामा कुंपणापलीकडे उभे होते. त्यांनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी कुणाच्याही गुडघ्याला कान लावला नाही.

आठ दिवसांनी मी लेकीला घेऊन माहेरी निघाले. गाडी माझे मालक हाकत होते. मामा एक पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन गाडीत येऊन बसले. "वाशीमला डाक्टर हाय म्हणं. वही घे."

कनेरगावच्या नाक्यावर शिपायाने डबा उघडायला लावला.

"ये क्या है?"

"घुटने, साब," मामा म्हणाले.

"किसके?"

"मेंढी के."

"किधर ले जा रा?"

"डागदर को दिखाने."

शिपायाने गाडीखाली वाकून बघितलं. "मेंढी किधर है?"

"वो तो मर गई."

"मर गई तो डागदर कायकू?"

मामा प्रामाणिकपणे विचार करत बसले. शेवटी शिपाई नाक दाबून म्हणाला, "जाओ बाबा, जाओ."

डॉक्टर तरुण होते. मला वाटलं डबा बघून हाकलतील. पण त्यांनी टेबलावर कागद पसरला आणि दोघे ती हाडं उलटीपालटी करत बसले. डॉक्टरांनी हाडाच्या टोकावरचा पांढरा, गुळगुळीत थर दाखवला. म्हणाले, "ही गादी. ही झिजली की हाडावर हाड घासतं. मग दुखतं, सुजतं, पाय आखडतो. गेलेली गादी परत येत नाही."

"मधी काही घालता येत न्हाई? कातडं, पत्रा?"

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. "परदेशात काही सर्जन तेच करून बघतात. गुडघा उघडून मांडीतला पातळ पापुद्रा मधे घालतात. कुणाचा चालतो, कुणाचा कायमचा आखडतो."

"म्हंजे त्यांचा बी तजुर्बाच चालू हाय."

"तसंच म्हणा."

"अन् हिकडं?"

"इकडे नाही. तुमच्या-माझ्या हयातीत गावातल्या बाईला मिळेल असं वाटत नाही."

दुखणं बाईचं आहे हे मामांनी सांगितलंच नव्हतं. त्यांनी खाली बघितलं. "मग तवर काय करावं?"

"गुडघ्याला त्रास कमी द्यायचा. उंच बसायचं. चढ-उतार टाळायचा."

"ते तर सात वर्सांपासून करून राहिलो," मामा म्हणाले.

मी ते वहीत लिहिलं आणि माझी पेन्सिल थांबली. तो उंबरा, तो पाट आणि ओढ्यावर गेलेली आत्या, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते डब्याचं झाकण लावत होते. लागलेलं झाकण पुन्हा पुन्हा लावत होते.

कौसा यायच्या आत त्यांनी बाभळीची एक बैठक केली. अर्ध्या पुरुषाएवढी उंच, टेकायला पाठ, पुढे पाय लांब करायला फळी. गुडघ्यांखाली उंचवटा असा, की पाय वाकलेलेच राहावेत पण नडग्या सपाट याव्यात. बाजूला पाणी जायला पन्हळ. सगळं गाव बघून गेलं. माझी सासू म्हणाली, "हे न्हाणं का राज्याभिषेक?" आत्या तर भडकलीच. "मी काय टांग्यात बसून लेकरू न्हाणू? लोक हसतील."

"नवं हाय," मामा म्हणाले. "तजुर्बा. न्हाई जमला तर चुलीत घाल."

कौसाला मुलगा झाला. पहिल्या न्हाण्याच्या दिवशी आत्या शिव्या देत त्या बैठकीवर बसली, पाय पुढे टाकले आणि गप्प झाली. फळीला पाय असे बसले जसा चाकाच्या तुंब्यात आरा बसतो. कुठे फट नाही, कुठे ताण नाही. मी लेकरू तिच्या नडग्यांवर पालथं ठेवलं. ते हललंसुद्धा नाही. तिने तेल लावलं, पाणी घातलं, पाठ चोळली. लेकरू बोंबलत होतं आणि ती जमलेल्या बायांना सांगत होती, "बघा. ह्यांचंच सामान वाकडं असतं. माझे गुडघे बराबर हायत."

मामा ओट्यावर होते. मी बाहेर जाऊन विचारलं, "माप कधी घेतलंत हो, मामा?"

"रोज घेतो."

"वहीत लिहू?"

"लिवू नको. ती तुझ्याकडून वाचून घेईल."

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच हिवाळ्यात मामा गेले. गुडघ्याने नाही, तापाने. आत्या दीड महिना कौसाकडे राहिली. तेवढ्यात मामांच्या पुतण्याने, तोही सुतारच, घराला नवी चौकट बसवली. जुनी वाळवीने खाल्ली होती. नवी चांगली सागवानी, आणि उंबरा चारचौघांच्या घराला असतो तसा.

आत्या परत आली तेव्हा मी गाठोडं घेऊन तिच्या मागे होते. तिने नेहमीसारखा पाय टाकला. अंगठा उंबऱ्यावर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. चौकट धरून ती उभी राहिली. खाली बघितलं, मग मान वळवून आमच्या उंबऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा खाली.

"मेला," ती म्हणाली. मग, "किती वर्सं तासला ग?"

"बरीच."

"तुला ठावं व्हतं?"

"होतं."

मला वाटलं आता रडेल. मी गाठोडं खाली ठेवून तयारीत राहिले. ती म्हणाली, "उभी काहून राहिली? त्यांचा रंधा आण."

रंधा आणून मी उंबऱ्यापाशी खाली बसले. बसताना गुडघा कडकन वाजला. आत्याने चौकट न सोडता मान वाकवून ऐकलं.

"उजवा," ती म्हणाली.