पिछाडीची गादी आणि लोहगजाची सोंड

श्रीस वंदन करून, जाम मुक्कामी जिनिंगच्या फाटकाबाहेर, आनंदाबाईंच्या पोह्यांच्या टपरीवर, चार भले लोक जमले असता ही हकीकत कथन केली ती ऐसी. प्रथम हेच कबूल करतो की, हीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. समुद्रपुरात ठेवीत नाहीत, वर्धेत तर तोंडावर हसतात, आणि आष्टीच्या बाजारी एका भल्या गृहस्थाने ऐकता ऐकता भज्याचा घास नाकात घालविला. तथापि जे डोळ्यांनी पाहिले ते लपवू नये, आणि जे पाहिले नाही तेही उगाच वाया दवडू नये, हा आमचा कदीम रिवाज.

तर नानाजी शेठ, बहुत मातबर, कापसाचे धनी, जिनिंग-प्रेसिंगचे मालक, यांचे पदरी एक फोर्कलिफ्ट होती. तीस दरबारी लोक लोहगज म्हणत, कारण पुढे दोन लोखंडी सुळे आणि त्यांवर माल उचलावा. गेल्या हंगामी शेठजींनी त्या गजास सोंड आणविली, म्हणजे सुळ्यांवर चढवावयाचा लांब लोखंडी दांडा, जेणेकरून जड वस्तू आकड्यास टांगून उचलावी. दांड्यास भोके तीन, एक गजाच्या जवळ, एक मध्ये, एक पार शेवटी, आणि आकडा हवा तेथे लावावा. परंतु लांब सोंडेचा डौल कोणास सुटला? आकडा सदा शेवटच्या भोकी. मग ओझे पुढे लोंबे, आणि गज मागून उठे, आणि ड्रायव्हर प्रफुल याची मुद्रा कापसाहून पांढरी पडे.

तेव्हा मसलत होऊन ठरले की, पिछाडीस भार द्यावा. भार म्हणजे कोण? तर हमालांचे मुकादम भूपेंद्रराव, पुरुष तेजस्वी, रूपवान, बोलण्यात मधुर, देह ऐसा की बंडीत बसले असता बैल मागे वळून पाहत. त्यांस लोहगजाचे मागे, सरकीच्या पोत्याची गादी सुतळीने बांधून, बसविण्यात आले. 'पिछाडीचे सरदार' हा किताब बहाल जाहला, आणि भार कमी होऊ नये म्हणोन रोज दोन प्लेट तर्रीपोहे शेठजींचे खर्चाने मुक्रर जाहले. मुकादमांस घरी सुना विचारीत नसत, परंतु गादीवर बसून आवारात फिरले की हमाल सलाम करीत. ती गादी हाच त्यांचा सारा मुलूख.

ऐशात, कापसाच्या ऐन गर्दीत, प्रेसची मोटर जळाली. नवी मोटर नागपुराहून ट्रकात आली, आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. त्याच वक्ती वर्ध्याहून एस.टी.ने अंकिताबाई उतरल्या. शेठजींनी विमेवाल्यांच्या धाकाने त्यांस यंत्रांची तपासणी करण्यास बोलाविले होते. त्यांनी येताच फर्मान सोडले की, सोंड तपासल्याविना लोहगजाने माशीही उचलू नये, आणि यंत्राचे मागे माणूस भार म्हणोन बसविणे आजपासून बंद.

हे वर्तमान ऐकताच भूपेंद्ररावांनी हातची प्लेट गादीवर ठेविली. ते प्रफुलास म्हणाले, "काऊन रे, माह्याशिवाय गाडी उठन, पण बसन का खाली?"

प्रफुल म्हणाला, "मले काय विचारता मुकादम, मॅडमले विचारा. मी तं पहिल्या दिवसापासून देवाचं नाव घेऊन चालवून राह्यलो."

मग तपासणीची मोहीम सुरू जाहली. अंकिताबाई बॅटरी घेऊन सोंडेखाली शिरल्या. सोंड सुळ्यांवरून घसरू नये म्हणोन मागे पक्की खीळ असावी, तेथे बंडीच्या चाकाची खीळ निघाली, तीही झिजलेली. आकड्याचे तोंड मिटावयास पट्टी असावी, जेणेकरून साखळी निसटू नये, तेथे सुतळी निघाली. जोडांवर फडके फिरवून तडे पाहिले, ते मात्र निघाले नाहीत, आणि शेठजींनी प्रथमच श्वास घेतला. मग बाईंनी पुसिले की, कोणत्या भोकी किती वजन, हे सांगणारी पाटी कोठे? तो पाटीवर शेंदूर, बोटभर जाड. भूपेंद्ररावांनी खांडेनवमीच्या पूजेत स्वहस्ते माखिला होता, आणि आता तेच आडवे पडून म्हणाले की, हे देवस्थान आहे, यास हात लावाल तर कोप होईल. शेठजी भाविक, तेही कचरले. सारी मसलत तेथे अडली.

तेव्हा आनंदाबाई रॉकेलचा बोळा घेऊन टपरीवरून चालत आल्या. "देव बसाले दुसरी जागा नाई का? हा शेंदूर देवासाठी नाई, गादीसाठी आहे," ऐसे बोलून त्यांनी दोन फटक्यांत पाटी लख्ख केली. पाटीवर कोरले होते की, शेवटच्या भोकी चारशे किलो, जवळच्या भोकी नऊशे. आणि मोटर सहाशेची!

अंकिताबाई शेठजींस घेऊन नवी खीळ आणि पट्टी आणावयास बाजारात गेल्या, आणि तेवढ्यात भूपेंद्ररावांनी गादीसाठी शेवटची लढाई मांडिली. पोह्यांची प्लेट घेऊन गादीवर चढले आणि प्रफुलास हुकूम केला की, जुन्याच रीतीने उचल, मॅडमले दाखवू. प्रफुलाने पुष्कळ नको म्हटले, परंतु मुकादमांचा दरारा! मोटर ट्रकातून हातभर उठली, आणि मग गजाची पिछाडी उठली, आणि पिछाडीसह भूपेंद्रराव उठले. इतके उंच गेले की त्यांस वर्धा स्टेशनात उभी गाडी दिसली, आणि तीतल्या एका बाईने खिडकीतून पोह्यांचा भाव विचारला. तर्रीचा थेंब सांडला नाही. हमाल पळाले. प्रफुल दोन्ही हात गाडीच्या खटक्यांवर ठेवून गोठला.

इतक्यात अंकिताबाई परतल्या. किंचितही न ओरडता म्हणाल्या, "काका, हलू नका, उडी मारू नका. प्रफुल, मोटर हळूच ट्रकात टेकव. अगदी हळू."

मोटर टेकली, आणि भूपेंद्रराव धपकन भूमीवर आले. मग म्हणाले, "मॅडम, मी तं पूर्ण जोर लावून बसलो होतो."

मग नवी खीळ घातली, पट्टी बसविली, आकडा जवळच्या भोकी आणिला, सभोवार दोरी बांधून माणसे दूर केली, आणि पिछाडी रिकामी ठेवून प्रफुलाने मोटर उचलली. मागची चाके जमिनीस ऐसी चिकटून राहिली की जणू सासुरवाडीस आलेला जावई. मोटर प्रेसवर बसली, प्रेस सुरू जाहली, फाटकाबाहेरच्या गाड्या आत शिरल्या, आणि सोंडेने फत्ते केली. गादी मोडीत काढण्याचा हुकूम निघाला. भूपेंद्ररावांस शिट्टी देऊन दोरीवर नेमिले की, टांगल्या मालाखाली कोणास जाऊ देऊ नये. पोहे एक प्लेट कायम.

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. आणि पुढील पिढ्यांस दाखला राहावा म्हणोन लिहितो की, त्या थोर पुरुषाने गादीची सुतळी स्वहस्ते कापिली, गादी शांतपणे बाजूस ठेविली, मुद्रा प्रसन्न, डोळ्यांत टिपूस नाही...

"खोटं!" कढईमागून आनंदाबाई गरजल्या. "टिपूस नाई म्हंते! गादीले कवटाळून लेकरासारखे रडून राह्यले होते तुम्ही भूपेंद्रभाऊ, अन् नाक माह्या पदराले पुसलं!"